जर्मनीत आपलं शिक्षण मान्य करून घेताना कुठलं काम आधी, कुठलं नंतर

जर्मनीला जायचं नक्की झालं की बहुतेक घरांत पहिली धावपळ कागदांची सुरू होते. मार्कशीट लॅमिनेट होते, शिक्के मारून आणले जातात, भाषांतरकाराला आगाऊ पैसे दिले जातात, आणि मग कुणीतरी विचारतं की अर्ज नेमका कुठल्या कार्यालयाकडे करायचा आहे. हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायचा असतो. कुठले कागद, कशा प्रती, कुणाचं भाषांतर हे ते कार्यालय ठरवतं आणि प्रत्येक कार्यालयाची यादी वेगळी असते. मैत्रिणीची यादी तिच्या राज्याची असते आणि एजंटची यादी त्याच्या सोयीची.

महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतलं बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य यांच्यात २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळाबाबत करार झाला. त्यामुळे आता शिक्षण आपोआप मान्य होतं, असा अनेकांचा समज झालेला दिसतो. तसं नाही. मान्यतेची प्रक्रिया, म्हणजे जर्मन भाषेत ‘आनेर्केनुंग’, प्रत्येकाला स्वतःच्या कागदांवर पार करावी लागते.

इथे मुख्य उदाहरण नर्सिंगचं घेतलं आहे, कारण सर्वाधिक फाइली तिथेच अडकतात. आयटीआय आणि इंजिनिअरिंगवाल्यांसाठी जिथे वाट वेगळी होते तिथे तसं सांगितलं आहे.

## टप्पा १ : मान्यता सक्तीची आहे का, ते ठरवा

जर्मनीत काही व्यवसाय कायद्याने बांधलेले आहेत. नर्स, डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, सरकारी शाळेतला शिक्षक यांना मान्यतेशिवाय ते काम करताच येत नाही. इलेक्ट्रिशियन म्हणून नोकरी करणं, मेकॅनिक, स्वयंपाकी, सॉफ्टवेअर डेव्हलपर ही कामं मोकळी आहेत. इथे मान्यतेचा संबंध प्रामुख्याने व्हिसाशी येतो, तो व्यवसाय करण्याच्या परवानगीशी नाही.

इंजिनिअरचं थोडं निराळं आहे. ‘इंजेनिअर’ ही उपाधी नावापुढे लावायला परवानगी लागते, पण कंपनीत डिझाइनचं किंवा प्रॉडक्शनचं काम करायला ती उपाधी लागत नाही. पदवीधरांना बहुधा दोनच गोष्टी पुरतात. एक म्हणजे ‘आनाबिन’ या सरकारी डेटाबेसमधली विद्यापीठाची आणि पदवीची नोंद. ती तिथे स्पष्ट नसेल, तर ‘झेडएबी’ या केंद्रीय कार्यालयाकडून पदवीचं तुलनापत्र घ्यायचं. त्याचं शुल्क २०८ युरो आहे.

आनाबिनमध्ये हमखास होणारी चूक म्हणजे कॉलेजचं नाव शोधणं. पदवी विद्यापीठ देतं, म्हणून शोधायचं ते विद्यापीठ. पुणे विद्यापीठाचं नाव २०१४ मध्ये बदललं, त्यामुळे त्याआधीच्या पदवीवर जुनं नाव असणार. दोन्ही नावांनी शोधा. विद्यापीठापुढे ‘एच प्लस’, म्हणजे विद्यापीठ मान्य असल्याची खूण, दिसलं तरी तिथेच थांबू नका, पदवीची नोंद वेगळ्या पानावर असते. दोन्ही पानांची प्रिंट काढून ठेवा.

मोकळ्या व्यवसायांसाठी १ मार्च २०२४ पासून आणखी एक वाट खुली झाली आहे. किमान दोन वर्षांचं सरकारमान्य शिक्षण, गेल्या पाच वर्षांत किमान दोन वर्षांचा अनुभव आणि ठरावीक किमान पगाराची नोकरी हे तिन्ही असेल, तर जर्मन मान्यतेशिवायही कामाचा व्हिसा मिळू शकतो. ही वाट तुमच्यासाठी असेल तर पुढचे अनेक टप्पे वाचतात. आयटीआयवाल्यांनी ‘दोन वर्षं’ हे शब्द पुन्हा वाचावेत. फिटर, इलेक्ट्रिशियन हे ट्रेड दोन वर्षांचे आहेत, वेल्डर एक वर्षाचा आहे.

## टप्पा २ : जर्मन व्यवसाय आणि कार्यालय शोधा

मान्यता म्हणजे तुमच्या शिक्षणाची एका विशिष्ट जर्मन व्यवसायाशी केलेली तुलना. तो व्यवसाय अर्जात तुम्हालाच लिहावा लागतो. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बीएस्सी नर्सिंग केलेल्यांसाठी तो ‘फ्लेगेफाखफ्राउ’ किंवा ‘फ्लेगेफाखमान’, म्हणजे २०२० पासून लागू झालेल्या कायद्याखालची सर्वसाधारण नर्स. इलेक्ट्रिशियनला मात्र नीट निवड करावी लागते. इमारतींच्या वायरिंगचं, कारखान्यातल्या यंत्रांचं आणि ऑटोमेशनचं काम हे तिथे वेगवेगळे व्यवसाय आहेत. ट्रेडच्या नावावर जाऊ नका. तुमच्या अभ्यासक्रमाचे विषय आणि प्रत्यक्ष केलेलं काम ज्याच्याशी सगळ्यात जास्त जुळतं, तो व्यवसाय निवडा.

‘आनेर्केनुंग इन डॉइचलांड’ या सरकारी संकेतस्थळावर एक शोधयंत्र आहे. व्यवसाय आणि कामाचं ठिकाण टाकलं की जबाबदार कार्यालय कळतं. उद्योग-व्यापारातल्या बहुतेक व्यवसायांसाठी न्युर्नबर्गमधलं ‘आयएचके फोसा’ हे केंद्रीय कार्यालय आहे, तिथलं शुल्क साधारण १०० ते ६०० युरोंच्या दरम्यान असतं. कारागिरीच्या व्यवसायांसाठी त्या भागाची हस्तकला-परिषद असते. नर्सिंग मात्र राज्यांकडे आहे. जर्मनीत १६ राज्यं, तितकी कार्यालयं आणि तितक्या याद्या. नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियात काम करायचं असेल तर अर्ज म्युन्स्टरच्या प्रादेशिक शासन कार्यालयाकडे जातो. दुसऱ्या राज्यात गेलात की तो पत्ता बदलला.

म्हणून नर्सने राज्य आधी ठरवावं. नोकरीचं पत्र हाती असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर त्या राज्यात काम करण्याचा इरादा दाखवणारा पुरावा बहुतेक कार्यालयं मागतात. तिथल्या रुग्णालयांशी झालेला पत्रव्यवहारही जपून ठेवा.

सावधान : दोन राज्यांत एकाच वेळी अर्ज करू नका. अर्जात ‘आधी दुसरीकडे अर्ज केला आहे का’ हा प्रश्न असतो आणि त्यावर सही करावी लागते.

पुढे जाण्याआधी तपासा : कार्यालयाचं नाव, त्यांचा अर्जाचा नमुना आणि त्यांच्याच संकेतस्थळावरची कागदपत्रांची ताजी यादी या तीन गोष्टी हातात आहेत का? नसतील तर एक रुपयाही खर्च करू नका.

## टप्पा ३ : सगळ्या कागदांवर एकच माणूस दिसतो का?

या टप्प्याला कुणी महत्त्व देत नाही, आणि सर्वाधिक महिने इथेच वाया जातात.

दहावीच्या मार्कशीटवर नाव आहे ‘पाटील सुनीता रमेश’. नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीवर ‘सुनीता आर. पाटील’. लग्नानंतर पासपोर्ट काढला, त्यावर ‘सुनीता महेश जाधव’. अनुभवपत्रावर नुसतंच ‘सिस्टर सुनीता जाधव’. आपल्याकडे हे कुणालाही एका नजरेत कळतं. जर्मन कार्यालयातल्या माणसासमोर मात्र ही चार वेगवेगळी नावं असतात. मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं असतं आणि लग्नानंतर तेही बदलतं, हे त्याला ठाऊक असेलच असं नाही. आडनाव आधी लिहिल्यामुळे ‘पाटील’ हे पहिलं नाव समजलं गेल्याचीही उदाहरणं आहेत.

असं करा. एका कागदावर तक्ता काढा : कागदाचं नाव, त्यावर जसंच्या तसं छापलेलं नाव, जन्मतारीख, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव. स्पेलिंगमधलं एक अक्षरही सोडू नका. इंग्रजीत ‘सुनीता’ एका ठिकाणी एका ‘आय’ने आणि दुसरीकडे दोन ‘ई’नी लिहिलेलं असतं. मग ठरवा की कुठला कागद दुरुस्त करायचा आणि कुठला फरक पुराव्याने समजावायचा.

लग्नामुळे बदललेल्या नावाला विवाह नोंदणी प्रमाणपत्र पुरतं. स्वेच्छेने बदललेल्या नावाला राजपत्रातली प्रसिद्धी लागते. कौन्सिलच्या नोंदणीवरचं आडनाव बदलून घ्यायचं असेल तर ते अर्जाच्या आधी घ्या; अर्ज तिकडे गेल्यावर बदललंत तर जुन्या-नव्या प्रतींचा गोंधळ वाढतो. स्पेलिंगच्या किरकोळ फरकासाठी प्रतिज्ञापत्र चालतं का, हे त्या कार्यालयाला एका ई-मेलने विचारा आणि आलेलं उत्तर फाइलला लावा.

जन्मदाखल्यावर बाळाचं नावच नसणं हीसुद्धा नेहमीची अडचण आहे. नाव नोंदवलेला दाखला नगरपालिकेकडून किंवा ग्रामपंचायतीकडून आधी मिळवा.

## टप्पा ४ : तासांचा हिशोब देणारे कागद मिळवा

पदवी प्रमाणपत्र म्हणजे तुम्ही पास झालात इतकंच. जर्मन कार्यालयाला हवं असतं ते तुम्ही काय शिकलात आणि किती तास. तिथल्या नर्सिंग प्रशिक्षणात वर्गातलं शिक्षण २,१०० तास आणि प्रत्यक्ष काम २,५०० तास असतं. तुमचं प्रशिक्षण या मापाला लावून पाहिलं जातं. म्हणून ट्रान्सक्रिप्टवर विषयवार तास हवेत, आणि थिअरी व प्रॅक्टिकल वेगवेगळं. प्रॅक्टिकलमध्येही मेडिकल, सर्जिकल, बालरोग, प्रसूती, मानसोपचार, सामुदायिक आरोग्य असे विभागवार तास लिहिलेले असले पाहिजेत. फक्त गुण दाखवणारं ट्रान्सक्रिप्ट घेऊन काही उपयोग नाही.

नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली बीएस्सी केलं असेल तर ट्रान्सक्रिप्टसाठी विद्यापीठाकडे जावं लागतं आणि तासांचा तपशील कॉलेजकडून भरून घ्यावा लागतो. कॉलेजचा क्लार्क छापील नमुन्यात सगळ्यांचे सारखेच तास भरून देतो, ते घरी आणून बसून बेरजा करा. वर्षवार बेरीज आणि एकूण बेरीज जुळत नसेल तर शिक्का मारलेला असला तरी परत पाठवा. वृद्धांच्या शुश्रूषेचे तास आपल्याकडे बहुधा वेगळे दाखवत नाहीत, पण जर्मनीत त्याला मोठं वजन आहे. मेडिकल वॉर्डात किंवा कम्युनिटी पोस्टिंगमध्ये ते खरोखर झालं असेल, तर कॉलेजकडून तसं लेखी मागा. जे झालं नाही ते लिहून घेऊ नका. खोटी नोंद उघडी पडली तर अर्ज तर जातोच, व्हिसाही धोक्यात येतो.

अनुभवपत्राचं मोल लोक ओळखत नाहीत. प्रशिक्षणातली उणीव कामाच्या अनुभवाने भरून निघू शकते, अशी तरतूद जर्मन कायद्यातच आहे. पण ‘सदर परिचारिका प्रामाणिक व मेहनती असून त्यांना पुढील वाटचालीस शुभेच्छा’ या पत्रातून कुठलीच उणीव भरत नाही. पत्रावर हवं ते असं : कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, पूर्णवेळ की अर्धवेळ, आठवड्याचे तास, विभाग, त्या विभागातले रुग्ण कशा प्रकारचे, आणि तुम्ही स्वतः काय करत होता. ‘अतिदक्षता विभाग, व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांची देखभाल, औषधं देणं, शस्त्रक्रियेनंतरचं निरीक्षण, नव्या परिचारिकांना प्रशिक्षण’ अशी वाक्यं हवीत. मसुदा तुम्हीच तयार करून मेट्रनकडे न्या. त्यांनाही ते सोयीचं जातं.

कौन्सिलची चालू नोंदणी आणि ‘गुड स्टँडिंग’ प्रमाणपत्र, म्हणजे तुमच्यावर कारवाई नसल्याचं कौन्सिलचं पत्र, हेही लागतं. नूतनीकरण राहिलं असेल तर ते आधी करा.

सावधान : पोलिस पडताळणी आणि वैद्यकीय प्रमाणपत्र आत्ता काढू नका. ती बहुधा तीन महिन्यांपेक्षा जुनी चालत नाहीत आणि पुष्कळदा शेवटच्या टप्प्यावरच मागितली जातात.

## टप्पा ५ : प्रती, शिक्के, भाषांतर — याच क्रमाने

मूळ कागद टपालाने कधीच पाठवायचे नाहीत. साधी प्रत, स्कॅन की प्रमाणित प्रत, हे यादीत लिहिलेलं असतं. प्रमाणित हवी असेल तर कुणी प्रमाणित केलेली चालते तेही पाहा. काही ठिकाणी भारतीय नोटरी चालत नाही, जर्मन वाणिज्य दूतावासातूनच करून आणावी लागते.

शिक्क्यांबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण इथे कुटुंबांचे हजारो रुपये जातात. अपोस्टिल म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून मारला जाणारा सरकारी शिक्का. भारत अपोस्टिल करारात आहे, पण भारताच्या सहभागावर जर्मनीने आक्षेप नोंदवल्यामुळे या दोन देशांमध्ये तो करार लागू होत नाही. भारतीय कागदांचं जर्मन दूतावासाकडून होणारं लीगलायझेशन, म्हणजे कागद खरा असल्याचं शिक्कामोर्तब, हेही थांबवलेलं आहे. जर्मन कार्यालयाला शंका आली तर ते दूतावासामार्फत स्वतः पडताळणी मागवतं. तेव्हा ‘जर्मनीसाठी अपोस्टिल कंपल्सरी’ असं कुणी सांगितलं तर विचारा, कुठल्या कार्यालयाच्या यादीत? यादीत असेल तर करा, नाहीतर सोडून द्या.

भाषांतर सगळ्यात शेवटी करायचं, कारण भाषांतरकार कागदावरचे शिक्केही भाषांतरित करतो. आधी भाषांतर आणि मग शिक्का असं झालं तर ते अपुरं ठरतं. भाषांतरकार शपथबद्ध हवा. जर्मन न्यायखात्याच्या संकेतस्थळावर अशा भाषांतरकारांची सूची आहे, आणि स्कॅन पाठवून घरबसल्या काम होतं. काही कार्यालयं इंग्रजी कागद तसेच स्वीकारतात, तेवढा खर्च वाचतो. भाषांतरकाराला पासपोर्टची प्रत द्या आणि नावाचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे ठेवायला सांगा.

## टप्पा ६ : अर्ज पाठवा आणि तारीख लिहून ठेवा

सोबतचा बायोडेटा जर्मन पद्धतीचा लागतो : तक्ता, महिना-वर्ष, खाली तारीख आणि सही. बाळंतपण, आजारपण, घरची जबाबदारी, ज्या कारणाने खंड पडला असेल ते एका ओळीत लिहा. मोकळी जागा संशय वाढवते.

अर्ज पोचल्यावर सर्वसाधारणपणे महिनाभरात पोच येते आणि काय कमी आहे तेही कळवतात. निर्णयाची मुदत, बहुधा तीन महिने, ही सगळे कागद पोचल्याच्या दिवसापासून मोजली जाते, अर्जाच्या दिवसापासून नाही. एक कागद राहिला तर घड्याळ सुरूच होत नाही. म्हणून राहिलेले कागद एकेक न पाठवता फाइल क्रमांक टाकून एकत्र पाठवा.

नोकरी देणारी संस्था तयार असेल तर जलद प्रक्रियेचा पर्याय आहे. संस्था तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात ४११ युरो भरून ही प्रक्रिया सुरू करते, आणि मग पूर्ण कागद हाती आल्यापासून मान्यतेचा निर्णय दोन महिन्यांत द्यायचा असतो.

या प्रतीक्षेच्या काळात भाषा सोडू नका. नर्सला शेवटी जर्मन भाषेची बी-२ पातळी लागते. गोएथे इन्स्टिट्यूट या जर्मन भाषा-संस्थेची बी-२ परीक्षा वाचन, श्रवण, लेखन, संभाषण अशा चार भागांत आहे आणि ते भाग वेगवेगळे देता येतात. नापास झालेला भाग तेवढाच पुन्हा द्या.

## टप्पा ७ : निर्णयपत्र आलं — घाबरण्याआधी पूर्ण वाचा

भारतीय नर्सना पहिलं पत्र बहुधा पूर्ण मान्यतेचं येत नाही. त्यात लिहिलेलं असतं की प्रशिक्षणात अमुक फरक आढळले, ते भरून काढल्यावर मान्यता मिळेल. याला ‘डेफिट्सिटबेशाइट’ म्हणतात, म्हणजे उणिवा दाखवणारा निर्णय. घरोघरी हे पत्र ‘रिजेक्ट झालं’ म्हणून बाजूला पडतं. खरं तर ते व्हिसासाठी लागणारं महत्त्वाचं पत्र आहे.

त्यातल्या तीन जागा खूण करून वाचा. पहिली, उणिवांची यादी : कुठले विषय, किती तास. तुमच्या ट्रान्सक्रिप्टमध्ये ते तास असूनही मोजले गेले नसतील तर ते दाखवून द्या. दुसरी, उणिवा भरून काढायचे पर्याय : किती महिन्यांचा कोर्स किंवा कुठली परीक्षा. तिसरी, अगदी शेवटचा परिच्छेद : हरकत कुठे आणि किती दिवसांत घ्यायची. मुदत बहुधा एक महिन्याची असते, आणि काही राज्यांत हरकतीऐवजी थेट न्यायालयात जावं लागतं.

कागद जमवणं अशक्यच असेल, कॉलेज बंद पडलं असेल, तर नर्सना आता तपशीलवार तुलनेवर पाणी सोडून थेट कोर्स किंवा परीक्षेचा मार्ग धरता येतो. अनुभव भक्कम असेल तर मात्र तुलना करून घ्या, कोर्स लहान होऊ शकतो.

## टप्पा ८ : कोर्स की परीक्षा?

परीक्षेत दोन भाग असतात. तोंडी परीक्षा ४५ ते ६० मिनिटांची, आणि प्रात्यक्षिकात शुश्रूषेचे दोन ते चार प्रसंग. नापास झालेला भाग एकदाच पुन्हा देता येतो. दुसऱ्या मार्गात, म्हणजे कोर्समध्ये, ठरलेल्या विभागांत काम आणि वर्ग असतात आणि शेवटी एक चर्चा होते.

माझं मत विचाराल तर भाषा नुकतीच बी-२ ला टेकली असेल तर कोर्स घ्या. रुग्णासमोर जर्मनमध्ये बोलत काम करणं वर्गात येत नाही, ते वॉर्डातच येतं. भाषा चांगली असेल आणि पूर्ण पगार लवकर हवा असेल तर तयारीच्या वर्गासह परीक्षा. काही रुग्णालयांत दोन्हींपैकी एकच सोय असते, ते करारावर सही करण्याआधी विचारा.

या काळात तुम्ही सहायक म्हणून काम करता आणि पगारही सहायकाचा असतो. तो किती, राहण्याचा खर्च कुणाचा, कोर्सचे पैसे कोण भरणार, नोकरी सोडल्यास किती रक्कम परत करावी लागेल, हे सगळं करारात लिहिलेलं हवं.

सावधान : नर्सच्या भरतीचा खर्च मालकाने उचलायचा असतो, आणि जर्मनीत न्याय्य भरतीसाठी तसं सरकारी मानचिन्हही आहे. तुमच्याकडून लाखांत पैसे मागणारा किंवा मूळ प्रमाणपत्रं स्वतःकडे ठेवणारा एजंट तिथेच सोडा.

आधी जाऊन मग मान्यतेचा अर्ज करायचा असेल, तर मार्च २०२४ पासून ‘मान्यता भागीदारी’ हा पर्याय आहे. किमान ए-२ पातळीचं जर्मन, किमान दोन वर्षांचं सरकारमान्य शिक्षण आणि नोकरीचा करार या अटींवर व्हिसा मिळतो, आणि मुक्काम तीन वर्षांपर्यंत वाढतो. आयटीआयवाल्यांना ही वाट सोयीची. नर्सना मी कागद इथूनच लावून जायला सांगते; तिथून कॉलेजच्या क्लार्कला फोन करणं फार अवघड जातं.

## टप्पा ९ : परवाना हाती घेताना

उणिवा भरून निघाल्या की आता पोलिस पडताळणी आणि वैद्यकीय प्रमाणपत्र ताजं काढा, बी-२ जोडा. ‘उर्कुंडे’, म्हणजे व्यवसायाचा परवाना, येतो. त्यावरचं नाव, जन्मतारीख आणि जन्मगाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा आणि चूक असेल तर त्याच आठवड्यात कळवा.

मग दोन ठिकाणी लगेच जायचं. परदेशी नागरिक कार्यालयात, कारण मान्यतेसाठी दिलेला निवासी परवाना आता कुशल कामगाराचा करून घ्यायचा आहे. आणि रुग्णालयाच्या मनुष्यबळ विभागात, कारण परवान्याच्या तारखेपासून पदनाम आणि पगारश्रेणी बदलली पाहिजे. ही दुसरी गोष्ट कुणी आपणहून करेल असं गृहीत धरू नका. परवान्याची प्रत जोडून लेखी मागा, आणि पुढच्या पगारपत्रकावर नवी श्रेणी आली आहे का ते पाहा.